फूटपट्टीचं कोरं बनियन

त्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला फूटपट्टी शेताच्या बांधावर हजर होता. दाढी गुळगुळीत, केस पाणी लावून चापून बसवलेले, आणि शर्टाचं अगदी गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं. गल्लीने तिथेच ओळखायला हवं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. एरवी हा माणूस ट्रॅक्टरवर बसला की त्याच्या शर्टाची निम्मी बटणं सुट्टीवर असतात. पण त्या दिवशी कुणाचं लक्ष कुणाच्या बटणांकडे असणार? सगळ्यांचे डोळे लागले होते शेतातल्या दोन खुणेच्या काठ्यांकडे. प्रत्येक काठीखाली वीतभर खोल एकेक बनियन पुरलं होतं. आठ आठवडे झाले होते, आणि आज ती दोन्ही उकरायची होती.

बनियनं का पुरली हे कळायचं तर आधी फूटपट्टी कोण ते कळायला हवं.

त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त टपालवाला घेतो. वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, मिशी भरघोस, आणि आवाज असा की इंजिन बंद असलं तरी इंजिनावर मात करायच्या बेताने निघतो. गेली तीस वर्षं तो लाल ट्रॅक्टर आणि मागे तीन फाळांचा नांगर घेऊन लोकांची रानं नांगरून देतो. त्याच्या नांगराची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत केसभरही हलत नाही. जमीन मोजायला आलेल्या माणसांनी एकदा आपली दोरी गुंडाळून ठेवली आणि याच्या रेघेवरून हद्द ठरवली, असं तो सांगतो. खरं-खोटं त्या माणसांनाच ठाऊक, ती पुन्हा कधी आली नाहीत. पण नाव पडलं ते पडलंच. त्याची बायको म्हणते, ‘‘लग्नाला पंचवीस वर्षं झाली, माझ्याकडे एवढ्या प्रेमाने कधी वळून बघितलं नाही. रेघेकडे मात्र दर दहा पावलांनी वळून बघतात.’’

आणि या फूटपट्टीला एक थोरली बहीण आहे. ती शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला लागून कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात कपडे घालून बघायचा फुलाफुलांचा पडदा, आणि तिच्या गळ्यात कायम मापाची टेप. गल्ली तिला समोर ‘ताई’ म्हणते आणि पाठीमागे ‘कात्री’. दोन्ही नावं तिला माहीत आहेत. दुसऱ्या नावाचा तिला जास्त अभिमान आहे.

वडलांनी जाताना तीन एकर रान दोघांच्या नावावर ठेवलं. सगळं नांगरायचा फूटपट्टी. ताई कापडात रमलेली. तीन वर्षांपूर्वी कृषी केंद्रातल्या मातीवाल्या मॅडम ताईकडे कुडता शिवायला आल्या, मापं देता देता मातीबद्दल बोलत बसल्या, आणि तिथे सगळं फिसकटलं. मॅडम म्हणाल्या, आपल्याकडच्या कडक उन्हात उघडी माती तव्यासारखी तापते. तिच्यातला कुजका भाग जळून जातो. वरून धो धो पाऊस कोसळला की पातळ सालपट बनतं, मग पाणी आत न जाता माती घेऊन पळतं. नांगर फिरवू नये, धसकटं तशीच ठेवावीत, जमीन पालापाचोळ्याने झाकावी, मक्याबरोबर चवळी लावावी आणि पिकं आलटून पालटून घ्यावीत.

ताई म्हणाली, ‘‘म्हणजे तिला उघडी ठेवू नये. अस्तर लावावं.’’

‘‘अगदी तसंच,’’ मॅडम म्हणाल्या. कुडत्याचं माप त्या दिवशी अर्धंच झालं.

संध्याकाळी ताईने भावाला सांगितलं, ‘‘माझ्या दीड एकरात यंदापासून नांगर नाही.’’

फूटपट्टीने चहाचा कप खाली ठेवला. ‘‘ताई, तुला बरं नाही का?’’

‘‘मी ठणठणीत आहे. जमीन आजारी आहे.’’

‘‘अगं, न नांगरता पेरायचं म्हणजे घर न झाडता पाहुणे बोलवायचे. लोक काय म्हणतील? ज्याच्या नांगरासाठी दहा दहा दिवस वाट बघतात, त्याच्याच रानात धसकटं उभी?’’

‘‘तू लोकांचं नांगर. माझं राहू दे.’’

शेवटी करार झाला. ताईच्या मापाच्या वहीत, कुणाच्या तरी पँटची कंबर आणि कुणाच्या तरी झग्याची उंची यांच्या मध्ये तो अजूनही वाचायला मिळतो. रान मधोमध वाटायचं. दोन्हीकडे तेच बियाणं, तेच खत. तीन हंगाम बघायचं. तिसऱ्या हंगामाशेवटी ताईचं रान सरस ठरलं तर तीन एकरात पुन्हा नांगर येणार नाही. नाही ठरलं तर त्याच संध्याकाळी सगळं रान नांगरायचं, आणि ताईने हा विषय जन्मात काढायचा नाही. खाली दोघांच्या सह्या. ताईची नेटकी, फूटपट्टीची अर्थातच सरळ.

पहिल्या वर्षी ताईचं हसं झालं. धसकटांत तण माजलं, खुरपून खुरपून तिच्या बोटांना सुई धरवेना, आणि मका पिवळा पडला. मॅडम म्हणाल्या, कुजणारा पाला आधी स्वतः खत खातो, धीर धरा. कणसांची मोजणी झाली तेव्हा फूटपट्टीची अठ्ठावन्न पोती भरली, ताईची त्रेचाळीस. फूटपट्टी आठ दिवस गल्लीतून छाती काढून फिरला. दुसऱ्या वर्षी तिने मक्याच्या ओळींत चवळी दाट पसरवली, तणाला उभं राहायला जागाच ठेवली नाही. पंचावन्न आणि चौपन्न. फूटपट्टी तरीही जिंकला, पण छाती जरा कमी निघाली.

मग आला हा तिसरा हंगाम. पाऊस दोनदा तुफान बरसला, आणि नेमकी कणसं धरायच्या वेळी तीन आठवडे गायब झाला.

त्या दुसऱ्या तुफान पावसानंतर फूटपट्टीने बांधावर उभं राहून एक गोष्ट बघितली होती आणि कुणालाही सांगितली नव्हती. त्याच्या रानातून रस्त्याकडे जाणारं पाणी चहासारखं होतं, दूध जरा कमी घातलेला, पण चहाच. ताईच्या रानातून जे थोडंसं पाणी झिरपत होतं त्यात तळाचे खडे दिसत होते. आणखीही एक गोष्ट होती, जी त्याच्या बायकोच्या नजरेतून सुटली नव्हती. दुपारची भाकरी खायला हा गृहस्थ सकाळभर आपल्या रानात राबून ताईच्या बाजूला जाऊन बसायचा. ‘‘तिकडे सावली आहे,’’ म्हणायचा. सावली दोन्हीकडे तेवढीच होती. पण तिकडे चपला काढून बसता येत होतं.

शेवटच्या आठ आठवड्यांवर वेळ आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, ‘‘पोती मोजाच, पण मला माती जिवंत आहे का तेही बघायचं आहे. दोन्हीकडे एकेक बनियन पुरा. जिवंत माती कापड खाते. किती खाल्लं त्यावरून कळतं.’’ आणि जाता जाता त्यांनी ताईच्या जिवाला घोर लावला. केंद्रात एक पेरणीयंत्र आलं होतं, न नांगरता धसकटांतून थेट बी पेरणारं. एकच होतं. ज्या रानाची माती पटेल तिथे ते पुढच्या हंगामाला ठेवायचं. ताईचं पटलं नाही तर ते नदीपलीकडे जाणार होतं. आतापर्यंत ताई एकेक बी काठीने भोक पाडून टोकत होती. दीड एकर. गुडघ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

ताईने बाजारातून दोन बनियनांचं पाकीट आणलं. कोरी, पांढरीशुभ्र, मऊ. कापायच्या टेबलावर ती पसरून तिने दोघांच्या खालच्या काठाला आतून लाल दोऱ्याची नखाएवढी फुली घातली, अदलाबदल नको म्हणून. फूटपट्टी समोर स्टुलावर बसून ते बघत होता. त्या आठवड्यात त्याच्या स्वतःच्या बनियनांपैकी एकाचं पोतेरं झालं होतं आणि दुसऱ्यात हात घालायच्या जागा तीन होत्या.

‘‘ही मातीत घालणार?’’ तो म्हणाला.

‘‘मग काय मुकुट म्हणून घालू?’’

‘‘कोरी आहेत गं.’’

‘‘जुनी तुझी आहेत. ती मातीनेही खाल्ली नसती.’’

दोन्ही बनियनं पुरली. आणि आता ती गोष्ट, जी त्या सकाळपर्यंत जगात एकाच माणसाला ठाऊक होती. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, रानात चिटपाखरू नसताना, फूटपट्टीने ताईच्या बाजूचं बनियन वर काढलं.

लबाडी करायची म्हणून नव्हे हो. त्याचा जीव तुटत होता. एवढं कोरं बनियन किडामुंगीला खायला घालायचं हे त्याला दोन रात्री झोपू देईना. त्याने आपलं साधं गणित मांडलं: बनियनच पुरायचं आहे ना, मग एक बनियन काढायचं आणि एक घालायचं. टायरच्या दुकानाने कधीतरी फुकट दिलेलं एक पांढरं, चकचकीत बनियन त्याच्याकडे पडून होतं. अंगात घातलं की घाम आतल्या आत उकळायचा. ते त्याने जागेवर ठेवलं, माती सारखी केली, काठी रोवली. मग नवीन बनियन त्याने हौदावर स्वतःच्या हाताने धुतलं. बायकोने ते लांबून बघितलं आणि घाबरून विचारलं, ‘‘डॉक्टरकडे जाऊया का?’’ पंचवीस वर्षांत त्याने रुमालही धुतला नव्हता.

तर अशी ही सकाळ. बांधावर निम्मी गल्ली जमली होती. पिठाच्या चक्कीचा मालक, गल्लीचा चक्कीवाला, आपला टांगता काटा घेऊन आला होता. तो फूटपट्टीचा पक्का माणूस, कारण त्याचंही रान फूटपट्टीच नांगरतो. मॅडम वही घेऊन उभ्या. आणि बांधाच्या कडेला लाल ट्रॅक्टर, मागे नांगर जोडलेला, फाळ तेलाने पुसून आरशासारखे केलेले. करारात ‘त्याच संध्याकाळी’ लिहिलं होतं, आणि फूटपट्टी लिहिलेलं पाळतो.

आधी पोती. तोडणी चार दिवस चालली होती. चक्कीवाल्याने मधली पाच-सहा पोती काट्याला लावून सगळी सारखी भरल्याची खात्री केली आणि मोजायला सुरुवात केली. फूटपट्टीची एकोणचाळीस. एरवीच्या मानाने कमी, पण पाऊसच तसा होता. मग ताईची. पस्तीस, छत्तीस, सदतीस. लोक सरकत सरकत जवळ आले. एकोणचाळीस झाली तेव्हा मागे अजून थप्पी उभी होती. चक्कीवाल्याचा आवाज बारीक होत गेला. पन्नास. एक्कावन्न.

फूटपट्टीला वाटलं आपलं तोंड पडेल, पण झालं भलतंच. एक्कावन्न ऐकल्यावर त्याच्या मिशीखाली हसू यायला लागलं आणि त्याने ते घाईघाईने खोकल्यात बुडवलं. एवढ्या कोरड्या हंगामात एक्कावन्न. त्याच्या वडलांच्याच रानात.

‘‘थांबा,’’ चक्कीवाला म्हणाला, ‘‘ताईंची बाजू सखल आहे. पाणी तिकडे साचतं. यात अस्तर-बिस्तराचं काय कौतुक?’’

‘‘गेल्या दोन वर्षांत ती सखल नव्हती का रे?’’ ताईने विचारलं. ‘‘तेव्हा मी हरले तर तुला उतार दिसला नाही.’’

मॅडमनी हात वर केला. ‘‘त्यांचंही बरोबर आहे, ताई. एका हंगामाच्या पोत्यांवरून मीही काही लिहून देणार नाही. उतारामुळे झालं असेल, मातीमुळे झालं असेल. म्हणून तर बनियनं आहेत.’’

म्हणजे आता सगळा भार दोन बनियनांवर. फूटपट्टीने नकळत कॉलरवरून बोट फिरवलं. मनाशी म्हणाला, काळजी कशाला, आठ आठवडे झाले, तेही कुजलंच असेल. बनियन ते बनियन.

आधी त्याची बाजू. जमीन इतकी घट्ट होती की चक्कीवाल्याने कुदळीचे सात घाव घातले, तेव्हा कुठे कापड दिसलं. ढेकळासकट वर आलं. झटकल्यावर बघितलं तर मळकं, पाठीवर नाण्याएवढी तीन भोकं, बाकी धड. ‘‘अजून दोन वर्षं सहज घालता येईल,’’ कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. काठाला लाल फुली तशीच होती.

मग ताईची बाजू. ताईने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः वाकून तिने पाला बाजूला केला, खुरप्याने चार वेळा माती ओढली, आणि काठाला धरून बनियन बाहेर काढलं.

अख्खं. एक भोक नाही, एक धागा उसवलेला नाही. झटकलं तशी माती पावडरीसारखी गळून पडली आणि पांढरं कापड उन्हात चकाकलं.

मग चक्कीवाल्याने आरोळी ठोकली, ‘‘मेली ही माती. हिने काहीच खाल्लं नाही. सखल होतं म्हणून पिकलं, मी सांगत नव्हतो?’’ लोकांनी फूटपट्टीच्या पाठीवर थापा मारायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, चालू कर ट्रॅक्टर. मॅडमनी वहीचं पान उलटलं, पण लिहिलं काही नाही. त्यांच्या कपाळावर आठी होती.

फूटपट्टी जिंकला होता. तीस वर्षांचा नांगर जिंकला होता. आता फक्त तोंड मिटून चार पावलं चालायचं आणि ट्रॅक्टरवर बसायचं, बस. पण ताईकडे बघू नये असं ठरवूनही त्याने बघितलं. एरवी जिची जीभ कापडासारखी माणसं कापते, ती ताई शिवून झालेला कपडा गिऱ्हाइकाला देताना घालावी तशी त्या बनियनाची चौकोनी घडी घालत होती. तीन वर्षं वाकलेली तिची पाठ त्याला त्या घडीत दिसली. घडी घालता घालता तिचा अंगठा कापडावर फिरला. थांबला. पुन्हा फिरला. चाळीस वर्षं कापड हाताळलेला अंगठा तो. मग तिने खालचा काठ उलटून बघितला, डावीकडून उजवीकडे, सगळा.

फुली नव्हती.

ती चालत भावाजवळ आली. गलका एवढा होता की पुढचे शब्द फक्त त्यालाच ऐकू गेले.

‘‘उकडतंय रे फार,’’ ती म्हणाली. ‘‘वरचं बटण उघड.’’

एवढंच. तिने कुणाला हाकही मारली नाही. नाही म्हणायची मुभा होती फूटपट्टीला. ताई ओरडली असती तर कदाचित तो म्हणालाही असता.

त्याने वरचं बटण उघडलं. मग दुसरं, तिसरं, आणि शेवटी शर्ट पार वर करून बनियनाचा काठ बाहेर ओढला. लाल फुली, नखाएवढी, धुऊन धुऊन जरा फिकी झालेली.

‘‘ते हे आहे,’’ तो म्हणाला, आणि एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण आवाज चिमणीचा निघाला. ‘‘मी तिसऱ्या दिवशी काढलं. दुसरं घातलं तिथे.’’

पहिली बोलली त्याची बायको. ‘‘म्हणजे ती धोब्याची खूण नव्हती? मी दोन महिने घासून घासून ती काढायला बघतेय.’’

‘‘जिंकायला केलंस?’’ ताईने विचारलं.

‘‘शप्पथ नाही, ताई. कोरं होतं म्हणून. मला वाटलं, बनियन ते बनियन, कुजेल तेही.’’

ताईने चक्कीवाल्याकडून काडेपेटी मागितली, चकचकीत बनियनाचा एक धागा ओढला आणि पेटवला. धागा जळण्याऐवजी वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. ‘‘सुती असतं तर कागदासारखी राख पडली असती,’’ ती म्हणाली. ‘‘हे प्लास्टिक आहे. याला माती काय, वाळवीही तोंड लावणार नाही. चूक माझीही आहे. बनियन म्हणजे सुती, हे मला इतकं उघड होतं की मी सांगितलंच नाही.’’

‘‘मग आता?’’ चक्कीवाला म्हणाला. ‘‘परीक्षाच रद्द. पुन्हा आठ आठवडे.’’

पेरणीयंत्र आठ आठवडे थांबणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. नदीपलीकडची माणसं रोज केंद्रात खेपा घालत होती. ताईने घडी घातलेलं बनियन काखेत धरलं आणि खाली बघितलं.

तेवढ्यात मॅडमनी पेन खाली केलं. ‘‘मला एक सांगा, दादा. नवीन बनियनं तर दोन होती. तुम्ही ताईंच्याच बाजूचं का काढलं? स्वतःच्या रानातलं का नाही?’’

‘‘माझ्याकडचं कसं काढणार?’’ फूटपट्टी म्हणाला. ‘‘तिथे कुदळ मारावी लागली असती. दोन दिवसांत माती पुन्हा दगडासारखी बसली होती. धाड धाड आवाज झाला असता, हौदावर बाया होत्या. इकडे काय, हात घातला आणि...’’

त्याने आपल्याच हाताकडे बघितलं.

‘‘आणि?’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘आणि निघालं.’’

‘‘नुसत्या हाताने?’’

फूटपट्टी उत्तर द्यायला थांबलाच नाही. त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी उजाडलं की शर्टाची बटणं तशीच उघडी टाकून तो ताईच्या बाजूला गुडघ्यांवर बसला, पाला सारला आणि बोटं जुळवून हात मातीत घातला. मनगट गेलं. अर्धा हात गेला. कोपराच्या जरासं अलीकडे थांबला. ओंजळ भरून वर काढली तर माती चुऱ्यासारखी, काळपट, ओलसर, आणि तिच्यात दोन गांडुळं रागावल्यासारखी वळवळत होती. ‘‘बघा,’’ तो म्हणाला, आता आवाज परत इंजिनाचा झाला होता. ‘‘इतके दिवस पाऊस नाही, आणि ओल बघा. वास घ्या. ए चक्कीवाल्या, नाक इकडे आण.’’ चक्कीवाल्याने नाक आणलं. मग फूटपट्टी धावत स्वतःच्या बाजूला गेला आणि तसाच हात मारला. बोटांची पेरं वाजली आणि हात वरच राहिला. त्याने दुसरीकडे मारला, तिसरीकडे मारला. मऊ मातीचा अभिमान बाळगत तीस वर्षं नांगर चालवलेला माणूस आपल्याच रानावर थापा मारत सुटला आणि ओरडत होता, ‘‘जातच नाही. बघा, जातच नाही. आणि तुला सांगतो ताई, पावसाचं पाणी माझ्याकडून चहासारखं गेलं. तुझ्याकडून खडे दिसत होते खडे. मी स्वतः बघितलंय.’’

‘‘कधी?’’

‘‘झाला दीड-दोन महिना.’’

‘‘आणि आज सांगतोयस?’’

‘‘मी हरत होतो ना गं तेव्हा.’’

ताई हसली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग टेप गळ्यातून घसरेपर्यंत. मागोमाग बांध हसला. फूटपट्टीच्या बायकोने तर खाली बसकण मारली. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, फार मोठं नव्हतं, आणि पान ताईला दाखवलं. तिथे लिहिलं होतं: चोर फक्त ताईंच्या रानात शिरू शकला.

‘‘सखल बाजूचं कोडं राहतं,’’ चक्कीवाला हट्टाने म्हणाला.

‘‘साचलेल्या पाण्याने माती अशी भुसभुशीत होत नाही, दादा, आणखी घट्ट होते,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘शिवाय गांडुळं काही बनियन बघायला आली नाहीत. ती इथे राहायला आलीत. यंत्र मी इथे ठेवते. पण एक अडचण आहे. ते मागच्या हंगामाच्या दोन धसकटांच्या ओळींच्या बरोबर मधून गेलं पाहिजे. चार बोटं इकडे तिकडे झालं की धसकटांत अडकतं. नदीपलीकडे ते चालवायला सरळ हाताचा माणूसच मिळेना. तुमच्याकडे आहे कुणी?’’

यावर जे झालं ते बघण्यासारखं होतं. सगळ्यांनी नुसत्या माना वळवल्या, एकाच दिशेला. फूटपट्टी हाताला लागलेली माती पुसत उभा होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

‘‘माझ्या नांगराचं काय?’’ त्याने विचारलं. कुणाला विचारलं, कळलं नाही.

‘‘ज्याला हवाय त्याचं नांगर,’’ ताई म्हणाली. ‘‘आपल्या तीन एकरात नाही. वहीत सही आहे तुझी. सरळ आहे, वाचता येते.’’

करारात ‘त्याच संध्याकाळी’ लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी ऊन उतरल्यावर फूटपट्टीने ट्रॅक्टरमागची पिन स्वतःच्या हाताने उपसली. नांगर जमिनीवर टेकला तेव्हा त्याने एका फाळावरून हात फिरवला, मग त्यावर पोतं टाकलं. नंतर तो ताईच्या बाजूला गेला, शर्ट काढला, बनियन काढलं, आणि ज्या खड्ड्यातून ते उचललं होतं त्याच खड्ड्यात नीट पसरून पुरलं. बांधावरून बायको म्हणाली, ‘‘आता उघड्या अंगाने घरी येणार का?’’ तो म्हणाला, ‘‘जमीन झाकली. माझं बघू.’’

आठ आठवड्यांनी ताईने तो खड्डा उघडला तेव्हा वर आला नुसता सांगाडा: गळ्याची आणि खांद्यांची शिवण, खालचा काठ, आणि काठावर नखाएवढी लाल फुली. दोरा पक्का असल्यामुळे ती टिकली. बाकी सगळं माती खाऊन बसली होती. फूटपट्टीने तो सांगाडा हातात धरून असा उंच केला, जणू त्यानेच खाल्लाय.

तो सांगाडा आता त्याच्या ट्रॅक्टरच्या आरशाला लटकतो. पहिल्या पेरणीला यंत्राच्या ओळी धसकटांच्या मधून अशा गेल्या की मॅडम दोनदा फोटो काढायला वाकल्या. नदीपलीकडचेही आता पेरणीसाठी त्याचीच वाट बघतात, पूर्वी नांगरासाठी बघायचे तशी. चक्कीवाल्याने अर्धा एकर न नांगरता ठेवलाय आणि तो उतार तपासत फिरतो. कुणी नांगरायला बोलावलंच तर फूटपट्टी जातो, पण आधी खाली उतरून मातीत हात घालतो, पेरं वाजली की मान हलवतो, आणि आरशाला लटकलेला सांगाडा दाखवत तास-दीड तास बोलतो. गिऱ्हाईक कंटाळून म्हणतं, राहू दे बाबा नांगर.

परवा चहाच्या टपरीवर तो एका नवख्या माणसाला सांगत होता, की माती किती भुसभुशीत झाली ते तपासायलाच आपण ते बनियन मुद्दाम, विचार करून, हाताने काढून बघितलं होतं. ताई शेजारच्या दुकानात दोरे घेत होती. तिने सगळं ऐकलं. दुकानदाराने डोळा मारून विचारलं, ‘‘ताई, खोटं बोलतोय ना हा? थांबवू का?’’

ताईने लाल दोऱ्याचं रीळ उजेडात धरून रंग बघितला.

‘‘सांगू दे,’’ ती म्हणाली. ‘‘बटण उघडं ठेवून सांगतोय, तोवर चालेल.’’